पाहुण्यांचं पाणी

आमच्या घरात पाणी दोन ठिकाणी असायचं. रांजणात घरच्यांचं आणि पितळी हंड्यात पाहुण्यांचं. दोन्ही एकाच हापशाचं, एकाच खेपेत डोक्यावरून आणलेलं; पण हंड्यातल्या पाण्यात माय तुरटी फिरवायची. चुलीच्या वर भिंतीत कोनाडा होता, तिथे मिठाच्या मडक्यामागे तुरटीचा खडा फडक्यात बांधून ठेवलेला असे. तो तीन बोटांत धरून ती मनगटापर्यंत हात बुडवायची आणि सावकाश फिरवत राहायची. मग हंडा झाकून ठेवायचा. सकाळी वरचं पाणी वाटीने अलगद काढून घ्यायचं आणि तळाचा गाळ पपईच्या झाडाला घालायचा. हापशाला सकाळच्या पहिल्या घागरींत लोखंडाच्या पाइपाचा तांबूस गंज उतरायचा, तो या तुरटीने बसायचा. पण खरं कारण गंज नव्हतं. हापसा येण्याआधी आमची वस्ती ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायची आणि ओढा आटला की गावच्या विहिरीवर जायची. जायची म्हणजे विहिरीपासून हातभर लांब घागरी मांडून बायका बसायच्या, आणि वरून कुणाला वाटलं तर तो दोन पोहरे ओतायचा. अशा माणसांच्या घरचं पाणी कोण पिणार? तलाठी आला तरी दारात उभ्यानेच बोलून जायचा. त्यामुळे आमच्या घरी कुणी बाहेरचा पाणी प्यायला तर माय ते चार दिवस सांगत असे. त्या एका पेल्यासाठी हंडा रोज भरलेला असायचा.

आबा, म्हणजे माझे वडील, पूर्णेला रेल्वेत गँगमन होते. पहाटे अंधारात सायकल काढायचे, हँडलला भाकरी आणि शेंगाच्या चटणीचं फडकं, आणि दिवसभर पटरीवर. परत आले की अंगाला लोखंडाचा आणि तेलाचा वास यायचा. वस्तीत हापसा त्यांनी आणला. किती अर्ज केले, किती रजा त्या अर्जांपायी गेल्या, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे आणि दर वेळी एखादी रजा वाढायची. बोअर मारायची गाडी आली त्या दिवशी शाळेत कुणीच गेलं नाही. पांढरट चिखल उडाला, मग पाणी उडालं, बायकांनी पदर तोंडाला लावले आणि पोरांनी जयभीमच्या आरोळ्या दिल्या. आबा ओंजळीने पहिलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता कुनाच्या पाया पडायचं न्हाई." त्या संध्याकाळी वस्तीत गव्हाची खीर झाली. त्यानंतर आमचा दिवस हापशाच्या आवाजाने उजाडायचा. दांडा वर जाताना कुरकुरायचा आणि खाली येताना धप्प व्हायचा, आणि त्या आवाजावरून कोण पाणी भरतंय हे घरात बसून ओळखता यायचं. मायचा हात लांब आणि संथ होता.

मी तेव्हा जरा मोठी होते. सगळे पक्के दात आले होते, हे पुढच्या हकिगतीसाठी सांगून ठेवते. माझी धाकटी बहीण सुजाता, आम्ही तिला सुजी म्हणायचो, ती मात्र हापशानंतरची. तिच्या अंगात पहिल्या घोटापासून हापशाचंच पाणी गेलं.

परभणीला कॉलेजात मी रसायनशास्त्र घेतलं ते आवड म्हणून नव्हे. त्या विषयाला मुली कमी होत्या आणि वसतिगृहात जागा मिळाली, इतकंच. आवड नंतर लागली. प्रयोगशाळेत एक शांतता असायची. नळाचा थेंब, बर्नरची सुरसुर आणि ऊर्ध्वपातित पाण्याच्या भांड्याचा कढ, बाकी काही नाही. आमचे सर कमी बोलायचे. पाण्याचं पृथक्करण हा त्यांचा विषय, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम सांगितला होता: नमुना ज्याचा त्याने स्वतः घ्यायचा. "नमुना चुकला की पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चूकच," ते म्हणायचे. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी त्यांनी मला पूर्णा तालुक्यातल्या विहिरी आणि बोअर दिले. पाण्यात फ्लोराईड किती, एवढंच पाहायचं. त्याची परीक्षा रंगाची होती. एक तांबडं द्रावण पाण्यात घालायचं. फ्लोराईड जितकं जास्त तितका तो तांबडा रंग फिका पडतो. रंग टिकला तर पाणी चांगलं, विरला तर वाईट. मी एसटीने, कुणाच्या मोटारसायकलवर, बरंचसं पायी हिंडले. ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त असत, तेव्हा एका दिवसात चार गावं व्हायची. प्लॅस्टिकच्या बाटल्या पाठीवरच्या पिशवीत खडखडायच्या. लोक विचारायचे, बाई, औषध आणलंय का?

सगळ्यात शेवटी आमची वस्ती ठेवली होती. घरचंच तर आहे, कधीही घेता येईल म्हणून. त्या दिवशी मी दुपारी पोचले, सुजी पायाला बिलगली, मायने अंबाडीची भाजी आणि गरम भाकरी वाढली, आणि जेवता जेवता शेवटच्या एसटीची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. मी बाटली मायच्या हातात दिली.

"माय, सकाळी यात हापशाचं पानी भर. त्याच पान्यानं बाटली तीनदा विसळ. आबाच्या हाती दे, ते उद्या परभणीला यायलेत."

"तितं कोन बगनार हाय हे पानी?"

"आमचे सर बगतेल. आनिक मोठे मोठे लोक असतेत."

"आपलं पानी?"

"हाव, आपलंच."

मायने बाटली पदराने पुसली. दुसरं काही करू नकोस, हे सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

आबांनी बाटली रुमालात गुंडाळून, मांडीवर धरून, रेल्वेने आणली. मी तपासली. आजूबाजूच्या गावांतल्या बहुतेक बोअरचा रंग विरला होता, उथळ विहिरींचा टिकला होता. आमच्या हापशाचा जसाच्या तसा तांबडा राहिला. मी तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. मला इतका आनंद झाला की मी काचेची नळी धुवायची विसरले. सरांनी तक्ता पाहिला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"शेजारचे सगळे बोअर एका तऱ्हेचे, आणि हाच कसा वेगळा? हा नमुना कुणी घेतला?"

"मीच घेतला, सर."

एवढं एक वाक्य. घेतला नाही म्हटलं असतं तर ते रागावले नसते. पुन्हा घेऊन या, एवढंच म्हणाले असते. पण प्रबंध द्यायला थोडेच दिवस राहिले होते, आणि तो तांबडा रंग मला हवा होता. सरांनी बोट उचललं आणि पुढची ओळ घेतली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, तो मी मिळवलेला होता.

त्याच उन्हाळ्यात गावात नळयोजनेची गोष्ट निघाली. गावच्या जुन्या विहिरीचं पाणी पाइपाने वस्तीपर्यंत आणायचं की देवळापाशीच थांबवायचं, यावर ग्रामसभा झाली. मी तिथे नव्हते, पण आबांनी काय सांगितलं ते वस्तीतल्या प्रत्येकाने मला ऐकवलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आमाला तुमच्या हिरीचं पानी नगं. आमच्या हापशाचं पानी माझ्या लेकीनं परभणीला तपासलंय. तुमच्यापरीस चांगलं हाय." असं म्हणून त्यांनी माझ्या प्रबंधातलं ते पान खिशातून काढून दाखवलं. ते पान मीच त्यांना लिहून दिलं होतं, खाली माझी सही होती. पाइप देवळापाशी थांबला. कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही, आमच्या लोकांना तर नाहीच.

मी हे लिहिते आहे त्या टेबलावर आता औषधाच्या गोळ्यांचा डबा आहे आणि खिडकीखाली रस्त्यावर पाण्याचे निळे जार वाटणारा टेम्पो भोंगा वाजवतो आहे. लोक ते जार घेतात आणि विचारत नाहीत, हे पाणी कुणी तपासलं. मीही विचारत नाही.

पुढची पाच वर्षं मी परभणीलाच होते. आधी नोकरी, मग पीएच.डी. घरी जाणं सणासुदीला. आबांची पाठ ताठत चालली होती. पटरी उचलून उचलून झालं असेल असं तेही म्हणायचे आणि डॉक्टरही. विहारात वंदनेला बसले की पूर्वी कपाळ जमिनीला टेकायचं, आता अर्ध्यातच थांबायचं. सुजीचे दुधाचे दात हुरड्याच्या दाण्यांसारखे होते. ते पडले आणि नवे आले ते खडूसारखे, मध्ये तपकिरी पट्टे. शाळेत बाई तिला म्हणाल्या, दात घासत नाहीस का गं? मायने तिला राखुंडी देऊन इतकं घासायला लावलं की हिरड्यांतून रक्त आलं. मी ते दात पाहिले. असे दात मी पुस्तकात पाहिले होते, तालुकाभरच्या पोरांच्या तोंडांत पाहिले होते. आणि तरी मला वाटलं, हे दुसरं काहीतरी असणार, कारण आमचं पाणी चांगलं आहे. स्वतःच्याच सहीवर माणूस किती विश्वास ठेवतो हे मला त्यानंतर कधी कुणाला समजावून सांगता आलं नाही.

मग एका दिवशी वसुधा माझ्यासोबत गावी आली. आम्ही एकाच प्रयोगशाळेत काम करायचो, तिला त्या भागातले काही नमुने हवे होते. वैशाखातलं ऊन. घरात पाऊल टाकताच ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "काकू, आधी पाणी द्या." वसुधा वरच्या जातीची आहे हे तिच्या आडनावावरून मायला समजलं होतं. मायचा चेहरा असा फुलला की मला संकोच वाटला. हंड्यातलं पाणी तांब्यात काढून तिने दिलं, वसुधा घटाघटा प्यायली आणि पुन्हा मागितलं. दोन दिवस राहणारी पाहुणी, म्हणून मायने लगेच हंडा परत भरला, कोनाड्यातून फडकं काढलं आणि तुरटीचा खडा पाण्यात फिरवायला घेतला. मी उंबऱ्यात बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. ते फिरवणं मी जन्मापासून पाहत आले होते. त्या दिवशी मात्र माझी बोटं थांबली.

"माय, मागं बाटलीत पानी दिलं व्हतंस, आबाच्या हाती. ते कुठलं?"

"हापशाचंच की."

"तुरटी फिरवली व्हतीस?"

"मंग!" माय हसली. "तपासायला जायलं व्हतं ना ते, मोठ्या लोकांपुढं. तसंच गढूळ द्यायचं व्हय? रातभर निवळू दिलं, वरचं वरचं भरलं. रोजच्यापरीस जास्तच फिरवली व्हती."

मी उठले, तिच्या हातातला खडा ओढून घेतला. पाणी सांडलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तोंड फिरवून बाहेर हापशावर गेले, दांडा बराच वेळ मारला आणि बाटली भरली. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. ते काही फ्लोराईड गाळाबरोबर तळाशी नेतं आणि जे उरतं त्याला धरून ठेवतं, मग तांबड्या द्रावणाला ते दिसत नाही. हे मला तेव्हा माहीत होतं, पाच वर्षांपूर्वीही माहीत होतं. परीक्षेत यावर पाच गुणांचा प्रश्न मी सोडवला होता. परभणीला जाऊन नळीत द्रावण घातलं तेव्हा रंग बघता बघता उतरला. मला रडू आलं नाही, धक्काही बसला नाही. मी आकडा वहीत लिहिला, नळी धुतली, उपडी ठेवली आणि खाली जाऊन चहा प्यायले. तो बधिरपणा मला वाटलं चार दिवसांत जाईल. तो गेला नाही, मी त्याच्यासकट कामाला लागले.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून आजपर्यंत बोचत राहिली. तुरटीचं ते पाणी वस्तीतल्या कुठल्याही पाण्यापेक्षा बरं होतं. म्हणजे आमच्या घरातलं त्यातल्या त्यात चांगलं पाणी पाहुणे प्यायले आणि रांजणातलं सुजी प्यायली.

आबांना सांगितलं तेव्हा ते दारात बसून सायकलची साखळी पुसत होते. मी सांगितलं, नमुना मी घेतला नव्हता, घेतला असं खोटं सांगितलं, आणि अहवाल चुकला. तुरटीचं नाव मी काढलं नाही. देण्याआधी मी बाटली नीट धुतली नव्हती, असं मी म्हणाले. त्यांनी साखळी पूर्ण पुसली.

"मंग पोरीचे दात?"

"त्याच्यानंच."

"माझी पाठ?"

"असंल, आबा. खात्रीनं सांगता येत न्हाई."

"तुला कवाच खात्रीनं सांगता येत न्हाई का?" ते म्हणाले. एवढंच त्यांनी मला आयुष्यात टोचून बोललेलं आठवतं.

दुसऱ्या दिवशी ते मला आणि नव्या तपासणीचा कागद घेऊन सरपंचाच्या ओसरीवर गेले. मान वाकत नव्हती, म्हणून ते ताठ उभे होते आणि बघणाऱ्याला वाटावं की तोऱ्यात उभे आहेत. पाइप वस्तीपर्यंत आणा, असं त्यांनी सांगितलं. सरपंचाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तवा तर कागद दाखवला व्हता तुमच्या आबानं. आता दुसरा कागद का?" मी म्हणाले, "चूक माझी आहे. त्यांची नाही." हे वाक्य मी रस्ताभर घोकून गेले होते. ओसरीवर बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. आता निधी नाही, पुढल्या वर्षी बघू, असं ठरलं. त्याच आठवड्यात आबांनी ताडकळसच्या बाजारातून तांबड्या रंगाचा छोटा डबा आणला आणि स्वतःच्या हाताने हापसा रंगवला, दांड्यासकट. त्यांना खाली वाकता येईना म्हणून खालचा भाग सुजीने रंगवला. लोकांना सांगितलं, ह्याचं धुण्याला, भांड्याला घ्या, पिऊ नका. पाइप यायला दोन उन्हाळे लागले. तोवर माय आणि वस्तीतल्या बायका पुन्हा विहिरीवर, हातभर लांब घागरी मांडून बसल्या. मी एकदा लांबून पाहिलं. माय वर न बघता बसली होती. मी तिथे गेले नाही. जायला हवं होतं.

सरांनाही मी पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, की प्रबंधाच्या ग्रंथालयातल्या प्रतीत दुरुस्तीचा कागद चिकटवावा. मी तो चिकटवला. पुढची सगळी वर्षं माझं संशोधन एकाच गोष्टीवर झालं: खेडोपाडी घरच्या घरी, बादलीत, तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड कसं कमी करायचं, तुरटी किती, चुना किती, किती वेळ निवळू द्यायचं. त्यावर शोधनिबंध झाले, विद्यार्थी झाले, निवृत्तीच्या समारंभात शाल झाली. विषय कसा सुचला, असं लोक विचारायचे. वाचता वाचता सुचला, असं मी सांगायचे. हंड्यात फिरणारा तो हात कुठल्याही संदर्भसूचीत नाही.

आबा गेल्यावर माय माझ्याकडे परभणीला आली. शेवटच्या वर्षी ती खाटेवरच असायची, खिडकीपाशी. सुजी महिन्यातून एकदा यायची. ती शाळेत शिकवते, वर्गात शिकवताना हसते, पण फोटो काढायचा म्हटलं की अजून पदर तोंडाशी जातो. अशाच एका दुपारी आम्ही तिघी बसलो होतो, पंखा फिरत होता. माय खिडकीकडे बघत म्हणाली,

"शीले, तुरटीनं पान्याला काय व्हतंय गं?"

"निवळतं, माय."

"आनिक?"

"आनिक काय न्हाई."

मायने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मंग तू खडा ओढून घेतलास त्या दिसापासून म्या तुरटीला हात कामून लावला न्हाई?"

मी आठवून पाहिलं. त्यानंतर किती वर्षं मी त्या घरात जेवले, किती पाहुणे आले, आणि कोनाडा डोळ्यांसमोर होता. हंडा नव्हता. सगळ्यांना पाणी रांजणातूनच दिलं जायचं. नीट बघणं हा माझा धंदा, आणि मला ते दिसलं नव्हतं. मला सांगायचं होतं की चूक तुझी नव्हती, खोटं मी बोलले होते. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"पानी आन," माय म्हणाली.

मी पेला भरून आणला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरून आरपार पाहिला, आणि मला परत दिला.

"आधी सुजीला दे."

मी आधी सुजीला दिला.